डॉक्टरांना "जगावंसं वाटत नाही" असं सांगितलं, तर रुग्णालयात पुढे नेमकं काय होतं?

शब्दवेल (वैद्यकीय समाजसेवक)

ओपीडीत एक गोष्ट सारखी दिसते. लोक झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड होते, हे सगळं सांगतात. मरणाचा विचार येतो हे तेवढं गिळून टाकतात. कारण विचारलं की तीनच भीती पुढे येतात: पोलीस येतील, कोंडून ठेवतील, घरी कळेल. तिन्ही पूर्ण खोट्या नाहीत आणि पूर्ण खऱ्याही नाहीत. म्हणून हा धागा. कॅज्युअल्टी, मानसोपचार, नर्सिंग आणि कायदा या चारही बाजूंच्या लोकांनी प्रत्यक्ष काय होतं आणि कुठे चुकतं ते लिहावं.

दोन विनंत्या. कुणीही पद्धतींचे तपशील लिहू नयेत. आणि कुणी या क्षणी स्वतःसाठी हे वाचत असेल, तर धागा नंतर वाचा. आधी जवळच्या माणसाला शेजारी बसवा आणि १४४१६ (टेलि-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं) लावा. जीव आत्ताच धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२.

रात्रपाळी (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर)

पहिल्या तासाचं लिहितो.

रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने हे सांगितलं की पहिला नियम असा: त्याला एकटं सोडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण सर्वांत जास्त वेळा मोडतो तो हाच. सोबत एकच नातेवाईक असतो, त्याला आपण केसपेपर काढायला, मग पैसे भरायला, मग मेडिकलमध्ये पिटाळतो, आणि रुग्ण बाकावर एकटा उरतो. अशा वेळी केसपेपर मामा किंवा मावशींनी (वॉर्डातल्या मदतनिसांनी) काढून आणायचा. नातेवाईक हलला तर सिस्टरना सांगूनच हलायचा.

बसवायचं नर्सिंग काउंटरवरून दिसेल अशा जागी, मागच्या दाराजवळ किंवा जिन्याजवळ नाही. बाथरूमला जायचं असेल तर सोबत कुणीतरी, आणि आतून कडी नाही. सामानाची पिशवी नातेवाइकाच्या किंवा सिस्टरच्या ताब्यात. मात्र हे करताना "तपासणी चाललीय" असा आव नको. "तुमचं सामान इथे सांभाळून ठेवतो" एवढं पुरतं.

मग नाडी, बीपी, ताप, श्वास, ऑक्सिजन आणि शुगर. त्यानंतर एक प्रश्न सरळ विचारायचाच: "आज काही घेतलंय का? काही करून घेतलंय का?" माणूस अनेकदा फक्त 'विचार' सांगतो आणि दोन तासांपूर्वी काय झालं ते सांगत नाही. शंका असेल तर आधी शरीराचे उपचार, मानसोपचाराचा कॉल त्याच्या बरोबरीने.

दारू प्यायलेला असेल तर त्या अवस्थेतल्या उत्तरांवर अंतिम निर्णय घेत नाहीत. उतरेपर्यंत नजरेखाली ठेवून पुन्हा विचारतात. "प्यायलाय म्हणून बडबडतोय" म्हणत घरी पाठवणं ही जुनी आणि महागात पडणारी चूक आहे. नुकतीच दारू सोडलेल्यांतही हे विचार उसळतात. अचानक गोंधळलेला, संध्याकाळनंतर बिघडणारा वयस्कर रुग्ण असेल तर आधी संसर्ग, सोडियम, औषधांचा परिणाम शोधा. प्रत्येक वेळी ते 'डिप्रेशन'च नसतं.

निंबोणी

आमच्याकडे सिस्टर विचारायलाच कचरतात. "विचारलं तर डोक्यात घातल्यासारखं होईल" म्हणतात.

आकलन (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

निंबोणी, हा समज जगभर आहे आणि त्यावर पुष्कळ अभ्यास झालेत. विचारल्याने विचार येत नाहीत, उलट बऱ्याच जणांना बोलायला वाट मिळते. घोटाळा होतो तो *कसं* विचारलं यात.

मराठीत सर्वांत घातक अक्षर म्हणजे शेवटचा 'ना'. "तसलं काही मनात नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. रुग्ण मान हलवतो, केसपेपरवर "आत्महत्येचे विचार नाहीत" असं लिहिलं जातं, संपलं. दुसरा असाच प्रश्न म्हणजे "वाईटसाईट विचार येतात का?" देवाधर्माच्या घरातल्या माणसाला त्याचा भलताच अर्थ लागतो, आणि तो ठामपणे नाही म्हणतो.

लोक स्वतः 'आत्महत्या' हा शब्द क्वचित वापरतात. "कंटाळा आला", "सुटका व्हावी", "सकाळी उठूच नये", "देवाने न्यावं", "माझ्यापायी सगळ्यांना त्रास", "आता काही राम नाही" अशी भाषा असते. सत्तरीतली आजी "देवाने न्यावं" म्हणते ते पन्नास वर्षांपासून म्हणत असेल. तेच वाक्य ती या महिन्यात पहिल्यांदा म्हणत असेल, जेवण सोडलं असेल आणि दागिने वाटून टाकले असतील, तर त्याचा अर्थ वेगळा. म्हणून माणसाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, केसपेपरवर लिहावेत. "डिप्रेस्ड" लिहून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

विचारण्याची चढती पायरी अशी. कोलंबिया स्केलचे (आत्महत्येचा धोका चाचपण्याची प्रश्नावली) सहा प्रश्न साधारण याच वाटेने जातात:

"इतकं सहन करताना कधी वाटतं का, की मेलेलं बरं, किंवा झोपेतून उठूच नये?"
"स्वतःचा जीव संपवावा असा विचार येतो का?"
"कसं करायचं, हेही मनात येतं का?"
"तसं करावं असा निश्चय किती आहे? विचार येतो पण करणार नाही असं आहे, की करीनच असं वाटतं?"
"कधी, कुठे, असं काही ठरवलंय का? तयारी केलीय का?"
"यापूर्वी कधी काही केलंय का? गेल्या तीन महिन्यांत?"

दुसऱ्या प्रश्नाला खरंच 'नाही' आलं तर मधले सोडून थेट शेवटच्यावर जायचं. शेवटचा कधीच गाळायचा नाही. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. मुलांसाठी आणि तरुणांसाठी एएसक्यू नावाची चार प्रश्नांची छोटी चाळणी आहे. चारपैकी एकालाही 'हो' आलं किंवा मुलाने उत्तर टाळलं, तर पाचवा प्रश्न: "आत्ता, या क्षणी असे विचार आहेत का?"

आणि हे विचारताना नातेवाइकाला पाच मिनिटं बाहेर बसवा. सासूसमोर सून काय सांगणार? नवऱ्यासमोर बायको, बापासमोर पोरगा, तेच.

मोजपट्टी (रुग्णालय गुणवत्ता विभाग)

आकलनताई, सगळं मान्य, पण प्रत्यक्षात सातशे खाटांच्या ठिकाणी प्रत्येक जण आपल्या शैलीत विचारायला लागला तर काहीच मोजता येणार नाही. फॉर्म हवा, गुण हवेत, गुणांप्रमाणे लाल-पिवळा-हिरवा हवा. ऑडिटमध्ये हेच बघतात.

उंबरठा (मनोविकारतज्ज्ञ)

फॉर्म हवा, मान्य. गुणांवरून माणसाला घरी पाठवणं अमान्य. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की पुढे कोण आत्महत्या करेल हे वर्तवण्यासाठी असे स्केल वापरू नका, आणि कुणाला उपचार द्यायचे हेही त्यावरून ठरवू नका. कारण साधं आहे: 'कमी धोका' शिक्का मारलेल्या गटाची संख्या प्रचंड असते, आणि पुढे दगावणाऱ्यांतले बरेच जण त्याच गटातून येतात.

चाळणी म्हणजे "पुढे सविस्तर बोलायला हवं" एवढी खूण. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न (मागच्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार किती वेळा आले) आता मधुमेहाच्या, कॅन्सरच्या ओपीडीतही भरून घेतात. उत्तम. पण त्यात १, २ किंवा ३ आलं आणि कागद फाइलला टाचून रुग्ण घरी गेला, तर त्यापेक्षा न विचारलेलं परवडलं. नववा प्रश्न शून्याहून जास्त आला की *त्याच दिवशी, त्याच भेटीत* कुणीतरी समोर बसून बोललं पाहिजे. कोण बोलेल, त्याचा एक्स्टेन्शन नंबर काय, हे फॉर्मवरच छापा. मोजपट्टीसाहेब, ऑडिटमध्ये हे मोजा की 'हो' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांशी त्या दिवशी बोलणं झालं.

मोजपट्टी

हे मोजता येईल. घेतो टिपून.

उंबरठा

आता मूळ प्रश्न. सविस्तर मूल्यमापनाला पाऊण तास ते तास लागतो. त्यानंतर साधारण तीन वाटा असतात.

पहिली, घरी जाणं. विचार आहेत पण योजना नाही, घरी विश्वासाचं माणूस आहे, माणूस बोलतोय, परत येईन म्हणतोय. अशांना सुरक्षा आराखडा, जवळची तारीख आणि उपचार देऊन घरी पाठवतात. विचार सांगितले म्हणजे भरती झालीच, असं अजिबात नाही.

दुसरी, मेडिकल वॉर्डात भरती. शरीराला उपचार हवे असतील तर मानसोपचारवाले रोज येऊन बघतात.

तिसरी, मानसोपचार वॉर्ड. ठरलेली योजना, नुकताच प्रयत्न, कानात आवाज येऊन हुकूम देणं, बाळंतपणानंतरचा गंभीर आजार, किंवा घरात लक्ष ठेवायला कुणीच नाही, अशा वेळी.

वॉर्डात निरीक्षणाच्या पातळ्या असतात. सर्वांत वरची म्हणजे एकास एक: एक कर्मचारी, एक रुग्ण, हाताच्या अंतरावर, रात्री आणि बाथरूमलाही. त्याखालची दर पंधरा मिनिटांची. दर पंधरा मिनिटांचा तक्ता हे मोठं गौडबंगाल आहे. वेळा ठरलेल्या असल्या की रुग्णालाही पाठ होतात, आणि ड्यूटी संपताना चार तासांच्या सह्या एकदम मारल्या गेलेल्या तक्त्यावर दिसतात. फेरी मागेपुढे वेळेने घ्यावी आणि प्रत्येक नोंदीत माणूस काय करत होता ते दोन शब्दांत लिहावं: "खिडकीशी उभा", "जेवला, निम्मं". सगळ्यांत निसरडी वेळ म्हणजे ड्यूटी बदलतानाची. हँडओव्हर खाटेशेजारी उभं राहून द्यावा, काउंटरवर चहा घेताना नव्हे.

खोलीत काय असू नये याची यादी प्रत्येक वॉर्डाकडे असते. ती इथे देत नाही, कारण शब्दवेलने सांगितलेलं बरोबर आहे.

पांढरा एप्रन (वॉर्ड इन्चार्ज सिस्टर)

सर, एकास एक म्हणता, पण रात्री तीस खाटांना दोन सिस्टर असतात. मग ते एकास एक नातेवाइकाच्या गळ्यात पडतं. आपल्याकडची खरी व्यवस्था हीच आहे, तर निदान ती धड करू या.

नातेवाइकाला "लक्ष ठेवा" म्हणून चालत नाही. काय सांगायचं ते असं: एका वेळी एकच जबाबदार, झोप लागणार असेल तर सिस्टरना सांगून झोपा, मोबाइल बघत बसू नका, रुग्ण "जरा एकटं राहू द्या" म्हणाला तर दार उघडं ठेवून लांब बसा पण नजर ठेवा. दिवसरात्र एकच माणूस टिकत नाही. दोघांच्या पाळ्या लावा आणि त्यांची नावं फाइलवर लिहा. आणि नातेवाईक असला तरी आमची फेरी चुकत नाही. तो मदतनीस, कर्मचारी नाही.

शिवाय अचानक शांत, हसरा झालेला रुग्ण. घरचे म्हणतात "आज बरा वाटतोय, सोडा". अशा वेळी निरीक्षण कमी करण्याआधी डॉक्टरांनी पुन्हा बोलावं. कधी खरोखर बरं वाटत असतं, कधी निर्णय झालेला असतो.

काळा कोट (वकील, आरोग्य कायदा)

पोलीस आणि कोंडणं, दोन्हींवर लिहितो.

*पोलीस.* केवळ विचार सांगणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ने ते बोथट केलं: प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा द्यायची नाही. शिवाय तिला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं कलमच नाही. उरलं आहे ते कलम २२६, म्हणजे लोकसेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी केलेला प्रयत्न. तो ओपीडीतल्या रुग्णाचा विषय नाही.

मग एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद)? ती इजा किंवा विषबाधा असेल तेव्हा. विचार सांगितल्याने एमएलसी होत नाही. प्रयत्न झाला असेल तर रुग्णालय एमएलसी करतं, पोलीस जबाब घ्यायला येतात, आणि रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे की नाही हे डॉक्टर सांगतात. त्या जबाबाचा मुख्य हेतू कुणी छळ केला का, कुणी प्रवृत्त केलं का हे बघणं. एमएलसी नोंदवायची म्हणून उपचार थांबवणं बेकायदा आहे. "आधी पोलीस, मग सलाइन" असं कुणी म्हणालं तर त्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे जा.

*कोंडणं.* मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात भरतीचे दोन मुख्य दरवाजे आहेत.

कलम ८५-८६: स्वतंत्र रुग्ण. स्वतःच्या इच्छेने आला, स्वतः सही केली, जाईन म्हटलं तर सोडलं पाहिजे. अपवाद कलम ८८ मध्ये: जाताना जिवाला धोका वाटला तर पुढील मूल्यमापनासाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. त्या अवधीत एकतर पुढच्या कलमाखाली भरती, नाहीतर घर.

कलम ८९: आधार देऊन केलेली भरती, म्हणजे लोक जिला 'जबरदस्तीची' म्हणतात. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला आधार देणारा, नेमलेला माणूस) अर्ज लागतो. दोन जणांनी वेगवेगळी तपासणी करावी लागते, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. ती त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. स्वतःला इजा करण्याची नुकतीच धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यांवर हिंसा, किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, यांपैकी काहीतरी हवं, आणि त्यापेक्षा कमी बंधनाचा मार्ग नसावा. मुदत ३० दिवसांपर्यंत. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला स्त्रिया आणि अल्पवयीनांबाबत ३ दिवसांत, इतरांबाबत ७ दिवसांत कळवावं लागतं. मंडळाकडे दाद मागता येते आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. कोऱ्या कागदावर नातेवाइकाची सही घेऊन केलेली भरती या कायद्यात बसत नाही.

कलम ९४: आणीबाणी. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कोणत्याही दवाखान्यात, जीव वाचवण्यासाठी ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. जवळच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत नेणंही यातच येतं. विजेचे उपचार मात्र या कलमाखाली देता येत नाहीत.

बांधून ठेवणं: कलम ९७. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी म्हणून कधीच नाही. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण आणि कालावधी लिहून, आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. एकांतकोठडी तर पूर्ण बंद. सिस्टर, ती दोन सिस्टर–तीस खाटांची अडचण खरी असली तरी तिचं उत्तर पट्टे नव्हे.

निंबोणी

नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे नवराच ना?

काळा कोट

नाही. साध्या कागदावर, सही-अंगठ्यासह, कुणाही सज्ञान आणि तयार असलेल्या माणसाचं नाव देता येतं. बहीण, मैत्रीण, मामा, कुणीही. कधीही बदलता येतं. नाव दिलंच नसेल तर कायद्यात क्रम आहे: आगाऊ निर्देशात (कसे उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) नेमलेली व्यक्ती, मग नातेवाईक, मग काळजी घेणारा, मग पुढे.

शब्दवेल

यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण "घरी कळेल" ही भीती इथेच अडकते.

कलम २३ प्रमाणे माहिती गोपनीय. अपवाद ठरावीक आहेत: प्रतिनिधीला त्याचं काम करण्यापुरतं, उपचार करणाऱ्या इतरांना, आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळायला लागेल तेवढंच. 'तेवढंच' हा शब्द महत्त्वाचा. "आज रात्री एकटं ठेवू नका, गोळ्या तुमच्याकडे ठेवा" हे सांगणं म्हणजे धोका टाळणं. कर्ज किती आहे, कुणाशी संबंध आहेत, हे सांगणं म्हणजे चुगली.

सर्वांत उत्तम वाट म्हणजे रुग्णालाच विचारणं: "घरातल्या कुणाला सांगितलेलं चालेल? मी सांगू की तुम्ही, मी शेजारी बसते?" बहुतेक जण एक नाव देतात. आणि त्रासाचं मूळच घरात असेल, मारहाण असेल, तर त्याच माणसाला प्रतिनिधी करून, त्याच्याच हवाली करून 'घरी काळजी घ्या' म्हणणं हा गुन्ह्याइतका निष्काळजीपणा. अशा वेळी माहेर, हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचं वन-स्टॉप सेंटर (सखी), महिला हेल्पलाइन १८१ हे पर्याय समाजसेवा विभागाने डिस्चार्जच्या आधी बघायचे, नंतर नाही.

चिमणीचं घरटं (बालरोग)

१८ खालच्यांच्या भरतीचं थोडक्यात. पालकाचा अर्ज, दोन स्वतंत्र तपासण्या, मोठ्यांपासून वेगळी जागा, सोबत पालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस (मुलीसोबत स्त्रीच), आणि ७२ तासांत मंडळाला कळवणं. शाळेला काय कळवायचं हे मुलाला विचारून ठरवा.

बाळंतिणींच्या नैराश्यासाठीच्या एडिनबरा प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचाच असतो. लसीकरणाच्या भेटीत विचारायला उत्तम जागा. बाळाला घेऊन आजी बाहेर, आई आत.

आकलन

सुरक्षा आराखडा. स्टॅन्ली आणि ब्राउन यांचा सहा पायऱ्यांचा नमुना सगळीकडे वापरतात. बिघडतो तो डॉक्टरने स्वतः भरल्यामुळे. रुग्णाच्या हातात पेन द्या, लिहिता येत नसेल तर त्याचे शब्द तुम्ही लिहा.

१. विचार येण्याआधीची खूण. "टेन्शन" नको. "रात्री अकरानंतर हप्त्याचे मेसेज वाचले की" असं हवं.
२. एकट्याने करता येईल असं काही. "ध्यान" लिहून देऊ नका, तो करत नसेल तर. "ओट्यावर जाऊन बसणं", "भांडी घासणं", "गाईला पाणी" हे चालतं.
३. मन वळेल अशी माणसं, जागा. इथे त्रास सांगायची गरज नाही. पारावर, देवळात, मित्राच्या गॅरेजवर.
४. ज्यांना सांगता येईल अशी माणसं, नंबरसह. दोन तरी.
५. दवाखाना, डॉक्टर, १४४१६.
६. घर सुरक्षित करणं.

सहावी पायरी सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत जास्त घाईत उरकलेली. कारण तीव्र झटका बहुधा काही मिनिटांचा, तासांचा असतो. तेवढ्यात साधन हाताशी नसणं यानेच जीव वाचतो. घरात नेमकं काय आहे, कुठे आहे, आज कोण हलवणार, किती वाजेपर्यंत, हे लिहा. आणि संध्याकाळी फोन करून "हलवलं का?" विचारा.

"मी असं करणार नाही" अशी लेखी शपथ घेण्याची पद्धत मात्र बंद करा. तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही. रुग्ण सही करतो ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

बांधावरून (जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम)

ग्रामीण भागात सहावी पायरी म्हणजे फवारणीचं औषध. "पेटीत कुलूप लावून ठेवा" हा सल्ला अपुरा आहे. श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला, २०१७ साली निष्कर्ष आले, विषबाधा कमी झाल्या नाहीत. म्हणून ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे औषध घरात किंवा वाड्यावर नकोच. लागेल तेवढंच, लागेल त्या दिवशी, दुसऱ्याने आणायचं. उरलेलं त्याच दिवशी बाहेर.

गोळ्यांचंही तसंच. सिव्हिलमध्ये लांबून येणाऱ्याला महिन्याभराच्या गोळ्या एकदम देण्याची सवय आहे. सुरुवातीला आठवड्याच्याच द्या, त्याही नातेवाइकाच्या हातात. पुन्हा येणं परवडत नसेल तर बाकीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतील अशी चिठ्ठी द्या. आणि सांगा की डिप्रेशनच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांत, अस्वस्थता किंवा झोप उडणं वाढलं तर गोळी परस्पर बंद न करता लगेच फोन.

तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नसतो. तिथे काय करायचं? कलम ९४ खाली प्राथमिक उपचार तुम्हीच करू शकता. टेलि-मानसवर रुग्णासोबत बसून फोन लावा, गरज पडल्यास तिथून तज्ज्ञाशी जोडून देतात. पाठवायचं ठरलं तर १०८ने, सोबत माणूस देऊन. एसटीने एकट्याला कधीच नाही. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन, आणि चिठ्ठीवर: रुग्णाचे शब्द, काही घेतल्याची शक्यता, दिलेली औषधं वेळेसह, सोबतच्याचा मोबाइल. "रेफर टू हायर सेंटर" एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीवर माणूस तिथल्या रांगेत तीन तास एकटा बसतो.

प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. गोव्यात बांबोळीचं मनोविकार संस्थान. पण दर वेळी तिथेच जायला हवं असं नाही, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि बहुतेक जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहे.

उंबरठा

'लामा'बद्दल, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेण्याबद्दल, कुणीच बोललं नाही. तिसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, "आमच्या जबाबदारीवर नेतो." सही घेतली की रुग्णालय मोकळं, असा समज. तसं नसतं. लामा घेणाऱ्यालाही आराखडा, गोळ्या, तारीख आणि नंबर द्यायचा, धोका काय ते मराठीत समजावायचं आणि समजावलं असं लिहायचं. रागाने फाइल आपटून देणारे डॉक्टर असतात, आणि मग तो रुग्ण परत यायला धजत नाही. अनेकदा लामाचं कारण फक्त पैसे असतात. समाजसेवा विभागाला आधी बोलवा.

डिस्चार्जनंतरचे पहिले दिवस, विशेषतः पहिला आठवडा आणि मग पहिले तीन महिने, हा सर्वांत धोक्याचा काळ. "महिन्याने दाखवा" हे इथे चालत नाही. पहिली भेट सात दिवसांच्या आत, त्याआधी दोन-तीन दिवसांत एक फोन.

फोनने काय होतंय असं वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेल्या १८६७ जणांवर. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटाला त्याखेरीज तासाभराचं एक बोलणं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. आत्महत्येने मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२. यंत्र नाही, महागडं औषध नाही.

पांढरा एप्रन

फोन कोण करणार हे ठरलेलं नसतं म्हणून होत नाही. आमच्याकडे एक साधी वही पुरते: नाव, डिस्चार्जची तारीख, दुसरा दिवस, सातवा दिवस, चौदावा, तिसावा, समोर करणाऱ्याची सही. नंबर रुग्णाचा आणि आराखड्यातल्या एका माणसाचा. उचलला नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या नंबरवर. फोनवर "गोळ्या घेता ना?" एवढंच विचारून ठेवू नका. तोच 'ना' पुन्हा.

सातासमुद्रा (लंडन, नर्सिंग)

परदेशात मुलांकडे आलेल्या आईवडिलांबाबत एक भर. इथे १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो, अमेरिकेत ९८८. रुग्णालयात मराठी दुभाषा मागा, फोनवरून मिळतो आणि पैसे पडत नाहीत. नातवाला दुभाषा करू नका. आजोबा नातवासमोर बोलत नाहीत, आणि बोलले तर ते ओझं त्या पोरावर पडतं. "देवाने न्यावं"चं इंग्रजी शब्दशः केलं की इथले डॉक्टर दचकतात, आणि कधी उलट, खरा धोका 'सांस्कृतिक बोलणं' म्हणून सोडून देतात. दुभाष्याला सांगा की वाक्य जसंच्या तसं, मग अर्थ.

सक्तीच्या भरतीचे नियम देशागणिक वेगळे. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २ खाली तपासणीसाठी २८ दिवसांपर्यंत, कॅलिफोर्नियात कलम ५१५० खाली ७२ तासांपर्यंत.

निंबोणी

शेवटची शंका, जरा क्षुल्लक आहे. केसपेपरच्या खिडकीवर "काय होतंय?" असं मोठ्याने विचारतात. मागे पन्नास माणसं. तिथे काय सांगायचं?

रात्रपाळी

क्षुल्लक मुळीच नाही, निम्मे लोक तिथूनच परत जातात. दिवसा असेल तर "मानसोपचार ओपीडी" एवढं पुरे. रात्री किंवा त्रास तीव्र असेल तर खिडकीवर थांबूच नका, सरळ कॅज्युअल्टीत सिस्टरकडे जा आणि म्हणा, "माझ्या जिवाला धोका आहे, आडोशाला सांगते." केसपेपर मागून निघेल.